दुसऱ्या नळीची गोष्ट

दिवाळी अंकासाठी लेख हवा, असा संपादकांचा निरोप आला की आमच्या घरात दरवर्षी एक ठरलेला संवाद होतो. सौभाग्यवती विचारतात, "यंदा कशावर?" मी म्हणतो, "बघू." त्या म्हणतात, "पुन्हा शब्दांवर नका लिहू. वर्षभर या सदरात तुम्ही शब्दच चघळता. सणासुदीला तरी वाचणाऱ्यांच्या पानात काही वाढा."

यंदा मी त्यांचे ऐकायचे ठरवले आहे. यंदाचा लेख एका नळीवर आहे.

नळी लोखंडी आहे, छातीइतकी उंच आहे आणि ती माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, केली आहे. आमचे गाव ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. परभणीला आगगाडीतून उतरावे, एस. टी. धरावी, आणि दोन्ही बाजूंना काळी रानं दिसू लागली की छातीत काही हलते, त्यावरून गाव जवळ आले हे ओळखावे. परभणी म्हटले की शहरातली मंडळी एक म्हण हमखास ऐकवतात: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' त्यांना वाटते, आपण हिणवले. आम्ही परभणीकर मात्र त्या म्हणीचा निराळाच अर्थ लावतो. कुठेच काही जमले नाही, तर परत यायला माणसाला एक जागा असते, एवढेच ती म्हण सांगते. या लेखात तिची गरज पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवली.

आता नळीकडे वळू. शहरातल्या वाचकांनी कापूस गादीत पाहिलेला असतो, फार तर रस्त्याच्या कडेने पांढऱ्या झालेल्या रानात. तो लावतात कसा, हे सांगायला हवे. मृगाचा पाऊस पडून जमीन ओलावली की रानात उभ्याआडव्या रेघा ओढून फुल्या पाडतात. प्रत्येक फुलीवर बाई वाकते, बोटाने खळगा करते, एक-दोन सरक्या टाकते, माती लोटते आणि पुढच्या फुलीकडे सरकते. याला टोबणे म्हणतात. सरकीची पिशवी आठ-नऊशे रुपयांची. तेव्हा दाणा मोजूनच टाकावा लागतो. चार फूट बाय दीड फूट असे अंतर धरले, तर एका एकरात सात हजारांहून अधिक फुल्या होतात. म्हणजे एकरामागे सात हजार वेळा कुणी तरी कमरेत वाकते. हा हिशेब मी मराठीचा प्राध्यापक असूनही केला आहे आणि दोनदा तपासला आहे.

पाच वर्षांपूर्वी वहिनींची कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायचे नाही म्हणून सांगितले. शेतकऱ्याच्या बायकोला वाकू नको म्हणणे म्हणजे प्राध्यापकाला बोलू नको म्हणण्यासारखेच! घरी आल्यावर दादा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने जुन्या पंपाची एक नळी काढली आणि लोहाराकडे गेला.

त्या नळीची रचना अगदी सोपी आहे. वर पत्र्याचे नरसाळे, त्यात सरकी टाकायची. खाली पक्ष्याच्या चोचीसारख्या दोन पात्या, मिटलेल्या. चोच मातीत रोवायची, मुठीजवळची कडी दाबायची, की चोच उघडते, दाणा आत पडतो, नळी उचलली की स्प्रिंग चोच पुन्हा मिटवते. वाकायचे कारण नाही. पण आमची काळी माती फार प्रेमळ आहे. एकदा धरले की सोडत नाही. दहा फुल्या झाल्या की चोच मातीने भरून जाई आणि अकराव्या फुलीला दाणा आतच अडके. यावर दादाने दोन पावसाळे घालवले. चोच लांब केली, आखूड केली, तेल लावले, शेवटी शिव्याही देऊन पाहिल्या. मग एक दिवस ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब कापून त्याने दोन बोटे रुंदीची रबराची पट्टी चोचीच्या आत बसवली. चोच मिटताना रबर पातीवरून घासत जाते आणि माती आपोआप पुसली जाते. नळीचे सारे गुपित त्या दोन बोटे रबरात आहे.

त्या वर्षी वहिनींनी उभ्याने कापूस लावला. शेजारच्या रानातल्या बाया बांधावर येऊन बघून गेल्या. आणि मग प्रत्येक शोधकर्त्याच्या आयुष्यात येते ते वाक्य दादाच्या आयुष्यात आले: "मलाबी एक करून दे की."

गोष्ट खरी सुरू होते ती इथे.

लोहाराने दुसरी नळी केली. ती चालेना. चोच मिटे, पण तिरपी. तिसरीचे रबर पातीला टेकेचना. चौथी चालली, पण ती का चालली हे लोहारालाही सांगता येईना आणि दादालाही. कारण पहिल्या नळीचा नकाशा नव्हता; तिची मापे दादाच्या बोटांत होती. तोवर मी समजत असे की अवघड असते ती कल्पना सुचणे. कवितेत ते खरे असेल. कविता एकदा झाली की ती हजार प्रतींत तशीच्या तशी उमटते. वस्तूचे तसे नाही. पहिली वस्तू गरज करून घेते. दुसरी, हुबेहूब पहिलीसारखी, करायची म्हणजे कारखाना लागतो.

साहजिकच मला बोलावणे आले. "तू इंग्रजी वाचतोस. कारखानदार गाठून दे," दादा म्हणाला. मराठीचा प्राध्यापक इंग्रजी वाचतो यावर आमच्या गावाचा जेवढा विश्वास आहे, तेवढा आमच्या प्राचार्यांचाही नाही. कारखान्यांशी माझा संबंध म्हणाल, तर घरी एक मिक्सर आहे. पण थोरल्या भावाचा शब्द! उन्हाळ्याच्या सुट्टीत नळी खांद्यावर टाकून आम्ही दोघे निघालो. एस. टी.च्या वाहकाने नळीचे तिकीट मागितले नाही, एवढेच त्या मोहिमेतले निर्विवाद यश.

प्रथम भेटले एक जाणते अभियंता. त्यांनी चहा दिला आणि आमचे अज्ञान प्रेमाने दूर केले. पेटंट मिळाले तर ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालते. आधी तात्पुरता अर्ज करता येतो, बारा महिन्यांच्या आत पुरा तपशील द्यावा लागतो. शेतीच्या पद्धतीला आपल्याकडचा 1970 चा कायदा पेटंट देत नाही; अवजाराला देऊ शकतो. पण अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांत उघड झाली असेल, तर तिचे नवेपण गेले असे कायदा सहसा मानतो. आणि दादाची नळी तर अख्ख्या शिवाराने बांधावर उभे राहून पाहिली होती! शिवाय त्यांनी आम्हांला चित्रे दाखवली. उभ्याने पेरायच्या अशा नळ्या ब्राझीलमध्ये आणि आफ्रिकेत शेतकरी पूर्वीपासून वापरत आले आहेत. मी मनातून खचलो. दादा चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे तिकडंबी बायांच्या कमरा दुखत्यात म्हन की."

मग म्हणाला, "पर ह्यांच्या चोचीत रबर न्हाई. ह्यांची माती आपल्यावानी नसंल."

पुढे कारखाने. नावे सांगत नाही. सांगण्यात अर्थही नाही. माणसे वाईट नव्हती, फक्त त्यांच्या आणि आमच्या हिशेबाचे आकडे निराळ्या जातीचे होते. एका औद्योगिक वसाहतीतल्या प्लॅस्टिकवाल्याने नळी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाला, "सुंदर. हलकी करू, पिवळी करू. साचा तेवढा तुम्हांला करावा लागेल." साच्याची किंमत काही लाख. एकदा साचा झाला की नग स्वस्त. पण निदान दोन हजार नग एकदम उचलायचे. दोन हजार नळ्या ठेवायच्या कुठे, असे मी विचारले. तो हसला. तो प्रश्न त्याचा नव्हता.

दुसऱ्या एका कारखान्यात पत्र्याचे काम होई. तिथल्या मालकाने नमुना करून दिला, तोही आठ दिवसांत. रंगवलेला, चकाकणारा, पहिल्या नळीचा शहरात शिकलेला भाऊच जणू. कारखान्याच्या बागेत तो झकास चालला. ताडकळसला आणून पावसात घातला, तर अकराव्या फुलीला बंद. चोच उघडून पाहिली, तेव्हा रबराच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी! फोनवर मालक म्हणाले, "अहो, ट्यूबचा तुकडा फार गावठी दिसत होता." त्या सद्गृहस्थांनी ओली काळी माती आयुष्यात कधी तुडवली नव्हती. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना नळी दाखवली होती, चिखल दाखवलाच नव्हता.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दादाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"त्या प्लॅस्टिकवाल्याचा साचा करून टाकावं म्हंतो. विहिरीजवळचे दोन एकर गहाण टाकतो. तू काय म्हंतोस?"

फोनवर वहिनी नव्हत्या. पण त्या जवळच उभ्या असाव्यात. बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

वाचकहो, विहिरीजवळचे ते दोन एकर म्हणजे काय, हे मी तुम्हांला कसे सांगू? वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. दादाने शाळा सोडली आणि मला शिकवले. त्या दोन एकरांतल्या कापसावर मी एम. ए. झालो. आज पहिल्या तारखेला माझ्या खात्यात जो पगार येतो, त्याच्या मुळाशी ते रान आहे. आणि आता त्याच रानाबद्दल दादा मला सल्ला विचारत होता! 'नको' म्हणावे, तर स्वतः शिकून घेतले आणि भावाला धाडस करू दिले नाही, असे होणार. 'घाल' म्हणावे, तर बुडणार ते त्याचे. माझे निवृत्तिवेतन सुरक्षित. मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि माझ्या जातीचा माणूस अडचणीत जे करतो तेच केले. पुस्तके काढली.

मराठी शिकवणाऱ्याला मुद्रणाचा इतिहास थोडाफार वाचावा लागतो. त्यात एक नाव येते: शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, 1867 चा. अंगात कल्पनांचे नुसते उधाण. तरुणपणीच मुंबईत त्यांनी विज्ञानाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ काढले आणि नाना यंत्रे रचू लागले. इंग्लंडमधल्या एका नियतकालिकाने वाण्याच्या दुकानात वजन करून माल देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली, ती यांनी मुंबईत बसून जिंकली. मग लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींचा आधार मिळाला. भिशांचे मोठे स्वप्न होते छपाईच्या खिळ्यांचे. शिशाचे खिळे भराभर ओतणारे यंत्र त्यांनी कल्पिले. त्या काळची यंत्रे मिनिटाला शे-दीडशे खिळे काढीत. यांचे यंत्र बाराशे काढील, असा त्यांचा दावा होता. त्याचे नाव भिसोटाइप.

कल्पना होती, बुद्धी होती, नमुना होत होता. नव्हता तो कारखाना. यंत्र बाजारात आणायला लागणारे भांडवल उभे करण्याचे आश्वासन हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने दिले. ते पैसे आलेच नाहीत. 1907 च्या सुमारास सारे विस्कटले आणि भिसे हिंदुस्थानाकडे निघाले. बोटीवर गाठ पडली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांशी! गोखल्यांनी शब्द टाकला आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी पैसे घातले. (हे रतन टाटा 1918 साली वारले, आपण पाहिलेले रतन टाटा वेगळे.) टाटा आणि भिसे यांच्या नावाची मंडळी निघाली, भिसे पुन्हा लंडनला गेले. पण यंत्र सुधारता सुधारता वर्षे गेली, महायुद्ध आले, पैसा आटला. 1916 मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे कपडे धुण्याच्या एका मिश्रणाने आणि पुढे आयोडीनच्या एका औषधाने त्यांना हात दिला. खिळ्यांच्या यंत्रासाठी तिथेही त्यांनी कंपनी काढली. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे देहावसान झाले. अमेरिकेत त्यांना 'हिंदी एडिसन' म्हणत. पण ज्या यंत्रासाठी जन्म वेचला, ते घरोघरच्या छापखान्यांत कधी पोहोचले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. नौरोजी, गोखले, टाटा! यांच्याहून मोठी माणसे पाठीशी कुणाला मिळणार? तरी ते यंत्र नमुन्याच्या पुढे फारसे सरकले नाही. भिसे ज्या ज्या दारी गेले, त्या दारी भांडवल होते. छापखान्यातला खिळे जुळवणारा माणूस त्या दारांमागे नव्हता, असे मला राहून राहून वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुसरे पान उघडले. ते तुमच्या परिचयाचे आहे: लक्ष्मणराव किर्लोस्कर. भिशांहून दोनच वर्षांनी लहान. मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेत शिकवीत. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलींचे दुकान होतेच. मग कडबा कापायचे यंत्र केले आणि 1903 साली लोखंडी नांगर. शेतकरी त्याला हात लावीना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे! पण त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांना शेतकरी कळला आणि शेतकऱ्याला नांगर. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे निवडुंगाने भरलेले माळरान दिले. तिथे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. त्याच कारखान्याच्या वार्तापत्रातून, 1920 साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'मधून, पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले. म्हणजे आम्हां मराठीच्या प्राध्यापकांवरही नांगराचे ऋण आहेच.

आता कुणी म्हणेल, भिशांचे चुकले आणि किर्लोस्करांचे बरोबर, असा हा धडा आहे. मला तसे म्हणायचे नाही. नांगराला चिखल पुरतो. खिळ्यांच्या यंत्राला सुईइतकी सूक्ष्म कारागिरी आणि डोंगराइतके भांडवल लागते. दोघांची ओझीच निराळी. पण एक भेद मला दिसला. लक्ष्मणरावांनी कारखाना शोधला नाही. त्यांनी पहिला नांगर विकला, मग दुसरा, मग सहा, आणि त्या नांगरांनी स्वतःभोवती कारखाना जमवला.

दिवाळीला मी ताडकळसला गेलो. लक्ष्मीपूजन झाले, मुले फटाक्यांत रमली, आणि ओट्यावर मी दादाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तो शांतपणे ऐकत होता. मग मी दादाजी खोब्रागड्यांचे नाव काढले. चंद्रपूर जिल्ह्यातले नांदेड, आपल्या शेजारचे नव्हे, तिथले हे गरीब शेतकरी. भाताच्या लोंब्या निवडून निवडून त्यांनी नवा वाण काढला आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव दिले. तो तांदूळ लांब लांबच्या बाजारांत गेला. खोब्रागडे 2018 साली वारले. मानसन्मान मिळाले, पैसा फारसा नाही. "पण बघ दादा," मी म्हणालो, "त्यांना कारखानदार शोधावा लागला नाही."

"बियाण्याचं काय," दादा म्हणाला, "ते आपलं आपणच कारखाना असतंय. लोखंड पेरून लोखंड उगवत न्हाई."

हे वाक्य मला सुचायला हवे होते. एम. ए. मी झालो होतो.

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग आतून वहिनी आल्या. करंज्यांची ताटली ठेवली आणि उंबऱ्याशीच टेकून म्हणाल्या, "भावजी, म्या एक बोलू? आजपत्तुर नळी एकट्या माझ्याच हातात हाय. समद्या बाया काय माझ्या उंचीच्या हायत? कुणी ठेंगणी, कुणी डावरी. आधी पन्नास बायांच्या हातात द्या की. पन्नास करायला रान गहाण लागत न्हाई."

दादा माझ्याकडे बघू लागला आणि मी करंजीकडे. आठ दिवस पुस्तके चाळून मी जिथवर पोहोचलो होतो, त्याच्या पुढच्या फुलीवर वहिनी कधीच जाऊन उभ्या होत्या. रान गहाण पडले नाही.

पन्नास नळ्या कोण करणार? परभणीत एक वेल्डिंगचे दुकान आहे. लोखंडी फाटके, कोळपी, ट्रॉल्यांची दुरुस्ती, अशी कामे तिथे चालतात. त्या दुकानदाराने नळी पाहिली आणि आजवर कुणीच विचारले नव्हते ते विचारले: "ही कुठं चालवता, ते दाखवता का?" तो ताडकळसला आला. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याने दोन ओळी स्वतः टोबल्या. चोचीतली माती बोटाने खरवडून बघितली, रबर वाकवून बघितले. जाताना म्हणाला, "आधी फर्मा करू."

फर्मा म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा एक सांगाडा. त्यात नळी ठेवली की चोच एकाच कोनात, कडी एकाच अंतरावर बसलीच पाहिजे. दुसरीकडे बसायला वावच नाही. तो करायला त्याला चार दिवस लागले आणि पैसे लागले फार तर दोन पोती खताइतके. लाखांच्या साच्याचे काम त्या वेड्यावाकड्या सांगाड्याने केले. दादाच्या बोटांतली मापे इतक्या वर्षांनी प्रथमच बोटांबाहेर आली. वहिनींच्या सांगण्यावरून मुठीच्या दांड्याला तीन भोके पाडली आणि खिळ घातली, म्हणजे ठेंगणीला खाली, उंचीला वर. रबर मात्र ट्यूबचेच, गावठी ते गावठीच.

यंदाच्या मृगाला पन्नास नळ्या तयार होत्या. नगाला खर्च साडेसहाशे, किंमत आठशे. एक्केचाळीस खपल्या, नऊ दादाने पाहुण्यारावळ्यांना वापरायला दिल्या. सहा परत आल्या; स्प्रिंगा सैल पडल्या होत्या. दादाने रात्री बसून सहाच्या सहा बदलून दिल्या. नफा म्हणाल, तर तो एस. टी.च्या भाड्यात आणि त्या स्प्रिंगांत गेला.

आणि मग जे व्हायचे ते झाले. श्रावणात दादा बाजाराला गेला, तर एका अवजारवाल्याकडे खुरपी, विळ्यांच्या शेजारी नळ्या टांगलेल्या. तशीच चोच, तशीच कडी. किंमत शंभराने कमी. मला फोनवर कळले तेव्हा माझाच संताप झाला. मी कायद्याच्या गोष्टी बोलू लागलो. दादा म्हणाला, "म्या हातात घिऊन बघितली. रबर न्हाई टाकलेलं."

"मग?"

"मग काय. चोरली म्हंजे चांगली हाय. अन रबर न्हाई म्हंजे कळली न्हाई."

ते बोलताना त्याला वाईट वाटत नव्हते, असे मी म्हणणार नाही. वाटत होतेच. पण भाद्रपदात कुठकुठल्या गावांहून निरोप येऊ लागले: ती पुसणाऱ्या चोचीची नळी तुमच्याकडे मिळते का? पुढच्या मृगासाठी आजवर सत्तर नळ्यांची मागणी आली आहे. सत्तर म्हणजे दोन हजार नव्हेत. प्लॅस्टिकवाला हा आकडा ऐकून पुन्हा हसेल. पुढे कधी साचा करावा लागेलही. त्या वेळी निदान नळ्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न पडणार नाही, कारण त्या कुणाच्या हातात जायच्या ते ठाऊक असेल. कदाचित सत्तरावरच सारे थांबेल. तसे झाले तर, नहीं तो परभणी. विहिरीजवळच्या दोन एकरांत या क्षणी कापूस फुटतो आहे आणि तो आमचाच आहे.

खंडेनवमीला मी मुद्दाम गावी गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. ओसरीत नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, तिफण ओळीने मांडली होती. पहिली नळी, त्या जुन्या पंपाची, धुऊन पुसून उभी केली होती. शेवटी एक काळे, बेढब लोखंड होते. तो फर्मा. सणापुरता दादाने तो दुकानातून आणवला होता.

वहिनींनी हळद-कुंकवाचे ताट पुढे केले. दादाने बोट बुडवले, पहिल्या नळीपाशी थोडा थांबला, आणि पहिले बोट फर्म्याला लावले.

"कामून?" मी विचारले. "मान पहिल्या नळीचा ना?"

"ती एकटीच हाय," दादा म्हणाला. "हिच्यात पुढल्या समद्या हायत."